खालचा माणूस काय म्हणतोय

सांगली,
रविवार, ता. १८ डिसेंबर १९४९

प्रिय चिंतामण,

सप्रेम नमस्कार. तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही, त्याबद्दल क्षमा कर. सप्टेंबरातलं तुझं खाजगी पत्र, दिवाळीनंतरचं पत्र आणि परवाचं कार्ड, तिन्ही समोर ठेवून लिहायला बसलो आहे. कार्डावर तू 'हात मोडला काय?' एवढंच विचारलं आहेस. हात धड आहे. कॉलेजात रोज तीन तास तो फळ्यावर चालतो, रोजनिशीतही चालतो. तुझं नाव लिहून पुढे सरकत नव्हता, इतकंच.

इकडे सर्व ठीक. उमाचा दमा या थंडीत जरा कमी आहे. मधु यंदा मॅट्रिकला बसेल. दिवाळीत साताऱ्याला अनसूयाअक्कांकडे गेलो होतो, तेव्हा तुझ्या आईंना भेटून आलो. डाव्या डोळ्यानं आता त्यांना पंचांग वाचता येतं. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "गंगाधरा, तुझं तोंड उतरलेलं दिसतंय. का माझाच डोळा अजून कच्चा आहे?" मी म्हटलं, "डोळाच कच्चा आहे, मावशी." त्या हसल्या. मीही हसलो. एवढ्या साध्या गोष्टीतसुद्धा मी किती चटकन खोटं बोलतो, हे साताऱ्याहून परतताना वाटभर मनात येत होतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. हरिपूरच्या पेववाल्या ज्ञानूचा सिलोनचा प्रवास रद्द झाल्याचं त्याला कळवलं का, असं तू विचारलं आहेस. कळवलेलं नाही. जहाज लांबलं आहे, असं मी त्याला सांगत आलो आहे. तो दर शनिवारी बाजाराला सांगलीत येतो आणि परत जाताना माझ्या ओसरीवर टेकतो. "कागद आला का, मास्तर?" असं विचारतो. अजून नाही, असं मी म्हणतो. आठ शनिवार झाले.

तू त्याला फार तर अर्धा तास पाहिलं असशील. मागल्या वर्षी सिलोनच्या दोन पाहुण्यांना घेऊन तू आलास आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे आईंच्या डोळ्यांसाठी तुला साताऱ्याला जावं लागलं. जाताना तू मला म्हणाला होतास, "दोन नवे देश लंडनला मध्ये न घेता एकमेकांकडून काही शिकताहेत, गंगाधर. दिल्लीत या गोष्टीवर फार लोक हसतात. नीट पार पाड." ते वाक्य मी त्याच दिवशी टिपून ठेवलं. तू तिथे नव्हतास, म्हणून त्या दिवशी हरिपूरच्या हळदीच्या पेवावर काय झालं, हे तुला मी जे अहवालात कळवलं तेवढंच माहीत आहे. आज उरलेलं सांगतो.

पेवाचं वर्णन तुझ्या फायलीत आहे, ते माझंच आहे आणि ते बरोबर आहे. वीस-पंचवीस फूट खोल, तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, पोट घागरीसारखं. आत उसाचा पाला, मग हळद, तोंडावर दगड आणि माती. चार वर्षांनी काढली तरी हळदीला कीड नसते, कारण आतली हवा मरते. कीड गुदमरते तसा माणूसही गुदमरतो. म्हणून पेव उघडलं की आधी ते दिवसभर मोकळं ठेवायचं, मग पेटता कंदील दोरानं खाली सोडायचा, तो विझला नाही तरच उतरायचं. हे मी पाहुण्यांना इंग्रजीत नीट सांगितलं. डॉक्टर विजेरत्ने यांनी मान डोलावली, मिस परेरा यांनी वहीत लिहून घेतलं.

कंदील जळत वर आला. ज्ञानूनं धोतर खोचलं, कमरेला दोर बांधला आणि तो खाली उतरला. दोराचं दुसरं टोक कृष्णाताच्या हातात होतं. कृष्णात हा त्याचा मेव्हणा, त्याच्या बायकोचा, बनुबाईचा, धाकटा भाऊ. ज्ञानूच्या घराण्यात तीन पिढ्यांची रीत आहे की दोर मेव्हण्यानंच धरायचा. "बहिणीचं कुकू हातात असलं की झोप लागत न्हाई," असं कृष्णात म्हणतो.

ज्ञानू दिसेनासा झाला आणि खालून आवाज यायला लागला. "ए कृष्णाता, दोर धरलायस का म्हशीचं श्याप?" कृष्णात वरून ओरडला, "म्हस असती तर दूध दिलं असतं, दाजी." खालून आलं, "तुज्या बहिणीच्या भाकरीनं माजं दात पडलं रं. तुमच्या रानात जुंधळा पिकतोय का दगूड?" मग कृष्णाताच्या बापाबद्दल, की तो लग्नात जेवायला बसला तो अजून पंगतीतून उठलेला नाही. पेवाभोवती उभी असलेली पंधरा-वीस माणसं हसत होती. पोतं भरलं की वर यायचं, रिकामं खाली जायचं, आणि खालून एकामागून एक शिव्या येत होत्या. हळूहळू त्या घसरल्या. सासू आली, सासूचं माहेर आलं, मग जे आलं ते मी रोजनिशीत फुल्या घालून लिहिलं आहे.

मिस परेरा माझ्या शेजारी उभ्या होत्या. पांढरी साडी, हातात वही, चेहऱ्यावर अगदी साधं कुतूहल. त्यांनी विचारलं, "खालचा माणूस काय म्हणतोय?"

चिंतामण, मी म्हणालो, तो देवाचं नाव घेतो आहे.

आदल्या दिवशी कॉलेजात सत्कार झाला होता. डॉक्टर विजेरत्ने आपल्या प्राचीन संस्कृतीबद्दल बोलले होते. आमचे प्राचार्य मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "उद्या गावात नेताना जरा बघा, आपली अब्रू आहे." ही कारणं मी आज तुला सांगतो आहे, पण त्या क्षणी यातलं काही माझ्या मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की एका परदेशी विदुषीपुढे आमच्या सासूचं माहेर कसं न्यायचं. तोंडातून देव बाहेर पडला.

थोड्या वेळानं हसण्याचा मोठा लोट आला. त्यांनी पुन्हा विचारलं, "आणि हे लोक का हसताहेत?" मी म्हणालो, भक्तीचा आनंद आहे. त्यांनी तेही लिहून घेतलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती फक्त माझी फजिती झाली असती. ज्ञानू वर आला, पिवळा धमक झालेला, अंगावरची हळद झटकत थेट माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "मास्तर, ह्ये शिव्यांचं त्यास्नी नीट समजावून सांगा बरं का. दिवा तर काय, कुणी बी सोडंल. दिवा वरच्या हवेचं सांगतोय. पोती हलवली की बुडातली हवा उठती, ती दिव्याला न्हाई गावत. ती आदी माणसाच्या डोस्क्यात जाती. म्हणून खालच्यानं सारखं बोलायचं. आन् बोलायचं म्हंजी गाणं न्हाई. गाणं गुंगीत बी चालतंय. देवाचं नाव तर मरणारा बी घेतोय. शिवी द्याला डोस्कं जागं लागतं. दर येळी नवी शिवी पायजे. तीच शिवी दुसऱ्यांदा आली, का जीभ अडाकली, का वरच्यानं इचार करायचा न्हाई, वढायचं."

कृष्णात म्हणाला, "दोन सालामागं यांनी माज्या म्हशीला दोनदा शिवी दिली. वढला वर. डोळं पांढरं."

"म्हस हुतीच तशी," ज्ञानू म्हणाला.

मी रसायन शिकवतो. ते ऐकताक्षणी मला कळलं की हा माणूस काय सांगतो आहे. जड वायू तळाशी साठतो, तो मेंदू आधी मंद करतो, आणि नवीन वाक्य जुळवण्याची शक्ती सगळ्यात आधी जाते. याहून चांगली परीक्षा मला प्रयोगशाळेत सुचली नसती. घरी येऊन मी हे सगळं रोजनिशीत लिहिलं. दोन पानं भरली आहेत, शेवटी 'विलक्षण' असा शब्द आहे.

पण पेवावर मिस परेरांनी जेव्हा विचारलं, हे आता तुम्हाला काय सांगत होते, तेव्हा मघाचं खोटं माझ्या समोर उभं होतं. खरं सांगायचं तर आधी म्हणावं लागलं असतं, बाई, मी मघाशी तुम्हाला फसवलं. मी म्हणालो, ते सांगताहेत की पेवात उतरणाऱ्यानं सतत देवाचं नाव घेत राहावं. ज्ञानू शेजारी उभा राहून मान हलवत होता. मी बोलतोय ते त्याचंच बोलणं आहे, असं त्याला वाटत होतं. त्यानं मिस परेरांकडे पाहून बोट वर केलं, ध्यानात ठेवा अशा अर्थानं. त्यांनी हात जोडले.

यानंतरचं तुला माहीत आहे. तिकडे कोरड्या टापूत त्यांनी तीन पेवं खणली, उन्हाळ्याआधी हळद भरली, आणि पुढल्या जानेवारीत आणखी पेवं खणायला ज्ञानूला बोलावलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. ज्ञानूनं गणपती पेठेत जाऊन कोट शिवायला टाकला. हरिपुरात बनुबाई ज्याला त्याला सांगायची, "बोटीतनं जाणार हाय आमचं मानूस. बूट घालून पेवात उतरणार हाय म्हणं. तितली पेवं बी विलायती असतील."

ऑगस्टमध्ये तिकडे पहिलं पेव उघडलं आणि पुंचीबंडा नावाचा मजूर आत मेला.

सप्टेंबरात तुझ्या खात्याची विचारणा आली. प्रात्यक्षिक दाखवणाऱ्यानं कंदिलाखेरीज दुसरी काही खबरदारी सांगितली होती काय? मी उत्तर पाठवलं की सांगितली नव्हती. ते उत्तर तू सही करून कोलंबोला धाडलंस. त्यावरून ज्ञानूची पद्धत अपुरी आणि तो माणूस बेभरवशाचा ठरला, त्याचं बोलावणं रद्द झालं, आणि उरलेली दोन पेवं बुजवा असं तिकडे ठरतं आहे, असं तू दिवाळीनंतर लिहिलंस. तू लिहिलंस की दिल्लीतले हसणारे आता उघड हसतात. म्हणतात, अडाण्यांकडून अडाण्यांनी शिकायचं म्हटलं की असंच व्हायचं.

मी उत्तर लिहिलं ते घाईत, परीक्षेच्या पेपरांच्या ढिगाऱ्यात, आणि सहा महिन्यांपूर्वीचं बोलणं मला नीट आठवत नव्हतं.

वरचं वाक्य खोडणार होतो, पण राहू देतो. ते खोटं आहे. आठवत नव्हतं असं नाही, आणि सहा नव्हे, नऊ महिने झाले होते. खात्याची विचारणा आली त्या संध्याकाळी मी गेल्या वर्षीची रोजनिशी काढली. ११ डिसेंबरचं पान उघडलं. माझ्याच अक्षरात 'तीच शिवी दुसऱ्यांदा आली की ओढायचं' असं होतं, खाली रेघ होती. ते पान उघडं ठेवून मी उत्तर लिहिलं. इतरांच्या चुका शोधण्याचा मला किती सोस आहे, हे तुला ठाऊक आहे. विद्यार्थ्यानं निरीक्षणाचा आकडा बदलला तर मी त्याला वर्गासमोर उभा करतो. मी आकडा बदलला नाही, आख्खा माणूस बदलला.

का, ते सांगण्याचा प्रयत्न करतो. माझं नाव जाईल ही भीती होती. पेवातल्या हवेवर माझा निबंध छापायला गेला आहे, त्याचीही काळजी होती. पण नुसत्या भीतीनं मी हे केलं नसतं, मी तेवढा धीट नाही. मला धीर आला तो एका गोष्टीनं. ज्ञानूला इंग्रजी येत नाही. मी काय लिहिलं ते तो कधी वाचणार नाही, आणि त्याला कोणी विचारणारही नाही. विचारलंच तर मध्ये भाषांतर करायला मीच असेन. हे मी मनात स्पष्ट शब्दांत म्हटलं होतं की नाही, आठवत नाही. पण ते उत्तर मी एकही शब्द न खोडता एका बैठकीत लिहिलं, यावरून म्हटलंच असणार.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली, त्या चार दिवसांत ज्ञानू आणि कृष्णात माझ्या ओसरीवर घोंगडी टाकून बसले होते. आळीच्या तोंडाशी जमाव आला तेव्हा ज्ञानू नुसता उठून उभा राहिला. म्हणाला, "ह्ये घर न्हाई," आणि लोक वळले. ही गोष्ट मी तुला तेव्हाही कळवली नव्हती. का कळवली नाही, तेही तपासायला हवं. उपकार लिहून ठेवला की तो फेडावा लागतो, असं काहीतरी असेल. तो माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा आहे आणि मी त्याला अरेतुरे करतो, हेही आत्ता लिहितानाच लक्षात आलं.

नोव्हेंबरात मिस परेरांचं पत्र आलं. सरकारी नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं. ते मी कोणालाच दाखवलेलं नाही. त्या लिहितात: कंदील सोडला होता, तो नीट जळत होता. पुंचीबंडा तिशीचा, अंगानं दणकट, दोन मुलींचा बाप. भारतातल्या रीतीप्रमाणे त्याला देवाचं नाव घेत राहायला सांगितलं. तो बौद्ध, म्हणून त्याला पाठ असलेल्या गाथा म्हणू लागला. वर दोर धरून कचेरीतली दोन माणसं उभी होती. बारा पोती वर आली. गाथा चालूच होत्या, त्याच त्या, जरा सावकाश. मग आवाज खाली गेला, मग थांबला. वरची माणसं पागोटी काढून हात जोडून उभी राहिली. तो मनातल्या मनात म्हणत असेल, मध्ये हाक मारून प्रार्थना मोडायला नको, असं त्यांना वाटलं. अशी किती मिनिटं गेली, ते कोणाला सांगता येत नाही.

आणि शेवटी लिहितात: "त्या दिवशी मी आपल्याला तीनदा विचारलं होतं. तुमच्याकडचे लोक हसत होते. आमच्याकडे कोणी हसलं नाही. प्रोफेसर, प्रार्थनेला लोक तसे हसतात का? मी आपल्यावर आरोप करीत नाही. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी बोट वर करून मला जे सांगितलं, ते शब्दशः काय होतं, एवढंच मला हवं आहे. माझ्या वहीत मी जे लिहिलं, त्यावर एक माणूस खाली उतरला."

या पत्रालाही मी उत्तर दिलेलं नाही. पंधरा दिवस ते कपाटात ठेवलं, मग दुसऱ्या कपाटात.

काल शनिवार होता. ज्ञानू आला. मी म्हटलं, कागद अजून नाही. तो गेला नाही. उमानं चहा दिला, तो बशीत ओतून हळूहळू प्यायला. मग म्हणाला, "मास्तर, एक इचारायचं हुतं. त्या बाईस्नी पत्र धाडशीला का?"

मी विचारलं, "कशाबद्दल?"

"न्हाई, मी इचार करतुया लय दिस. तकडं आपल्या शिव्या चालायच्या न्हाईत."

"का रे?" मी विचारलं.

"आवं, मी तकडं जाऊन शिकवीन, पर खाली तकडचा गडी उतरणार. त्याला मराटी शिवी पाठ करून दिली तर ती मंतरावानी व्हईल. गुंगीत बी म्हणंल. त्याची त्याला सुचाय पायजे. तवा त्यास्नी इचारा, तुमच्यात मेव्हण्याला काय म्हणत्यात, सासूला काय म्हणत्यात. आन् दोर कुणाच्या हातात देऊ. तकडं मेव्हण्या-दाजीत थट्टा चालती का? का दुसरं कुणी लागतंय? काय काय मुलकात मेव्हण्याला लय मान असतोय म्हणं. मग घोटाळाच."

"विचारतो," मी म्हटलं.

"इचारा. जहाज लांबलंय ते बरंच हाय एका परीनं. तवर ह्ये ठरंल. न्हाईतर जाऊन काय करणार, नुसता कोट घालून."

आणि उठताना म्हणाला, "बनी म्हणती, तुमचं जायाचं रद्द झालं, मास्तर भिडंपायी बोलत न्हाईत. मी म्हणलं, मास्तर माज्याशी खोटं कशाला बोलतील."

तो फाटकाबाहेर जाईपर्यंत मी उभा होतो. आपल्या खात्यानं, त्यांच्या खात्यानं, मी आणि डॉक्टर विजेरत्ने यांनी मिळून दोन देशांतल्या ज्ञानाच्या देवघेवीवर किती कागद लिहिले. एका देशातली गोष्ट दुसऱ्या देशात नेताना तिच्यातलं काय तसंच ठेवायचं आणि काय तिथल्या माणसांना विचारून बदलायचं, हा विचार आमच्यापैकी कोणीही केला नव्हता. तो हा माणूस बाजाराच्या पिशवीवर हात ठेवून करत होता, रद्द झालेल्या प्रवासासाठी, एका मेलेल्या माणसाच्या गावासाठी, आणि त्याला दोन्ही ठाऊक नव्हतं.

सोबत दोन कागद जोडले आहेत. एक माझा इंग्रजी जबाब. त्यात मी लिहिलं आहे की ज्ञानूनं ही खबरदारी स्पष्ट सांगितली होती, ती मी संकोचापोटी लपवली, वर उलट सांगितलं, आणि सप्टेंबरातलं माझं उत्तर जाणूनबुजून खोटं होतं. दुसरा कागद म्हणजे रोजनिशीतल्या त्या दोन पानांची नक्कल आणि तिचं भाषांतर. भाषांतरात जिथे फुल्या होत्या तिथे शब्द भरले आहेत. ते भरायला मला आज सकाळचे तीन तास लागले. सासूच्या माहेराला इंग्रजीत नेताना घाम फुटला. मिस परेरांना याची एक प्रत वेगळी पाठवतो आहे, त्या मागतात तसं शब्दशः.

तुझी सही त्या उत्तरावर आहे. मी हे पाठवलं की तुलाही वरिष्ठांसमोर उभं राहावं लागेल, हे मला दिसतं आहे. तू मला विचारलंस, मी सांगितलं, तू विश्वास ठेवलास, एवढाच तुझा दोष. तरी माझा जबाब सौम्य करू नकोस. 'गैरसमजातून' असा शब्द तुझे लोक कदाचित सुचवतील, कारण त्यानं सगळ्यांचीच सोय होते. गैरसमज कोणाचाच झालेला नव्हता. ज्ञानूचं बोलावणं पुन्हा येईल की नाही, ते तुमच्या दोघांच्या सरकारांनी ठरवावं. पण बेभरवशाचा हा शब्द त्याच्या नावापुढून काढून घ्या, आणि तो कुठे लिहायचा ते मी जबाबात सांगितलं आहे. ती दोन पेवं बुजवण्याआधी हे कागद पोचावेत, म्हणून तारही करतो आहे.

हे लिहून मला हलकं वाटतं आहे काय, असं मी स्वतःला विचारलं. थोडं वाटतं आहे, आणि त्याचीही लाज वाटते. पुंचीबंडाच्या दोन मुली आहेत. त्यांना या पत्राचा काय उपयोग, मला सांगता येत नाही. प्रांजळपणाची मला पहिल्यापासून हौस आहे. हे पत्रसुद्धा, गंगाधर शेवटी खरं बोलला, असं तू म्हणावंस म्हणून लिहिलं असेल. तसं असेल तर म्हणू नकोस.

एक गोष्ट मात्र अजून मी चुकवतो आहे, आणि ती तुला लिहिण्यानं होणारी नाही. हे सगळं दिल्लीला कळेल, कोलंबोला कळेल, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला पुन्हा सगळ्यात शेवटी कळेल. म्हणून हे पत्र आणि मिस परेरांची प्रत बंद करून ठेवतो, आज टपालात टाकत नाही, तारही उद्याच करतो. त्याला सांगून झाल्यावर टाकीन. त्यानं माझ्या तोंडावर काही म्हटलं तर ते ऐकून घेईन. काही म्हटलं नाही, तर काय करायचं ते मला माहीत नाही.

आईंना माझा नमस्कार कळव. त्यांचा डोळा पक्का आहे, असं मी सांगितलं म्हणून लिही.

तुझ्या सहीचा अपराधी,
गंगाधर

उद्याचं काम: सकाळी हरिपूरला चालत जाऊन सोबतचा जबाब ज्ञानूरावांना मराठीत सांगणे, काही न गाळता.